गेलेलं हाड परत आणून देतो, असं सांगून आम्हाला कसं फसवलं

माझ्या धाकट्या भावाला गॉरहॅम-स्टाउट रोग आहे. यात हाडाच्या आत लसिकावाहिन्या, म्हणजे पेशींभोवती पाझरलेला द्रव (लसिकाद्रव) परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या, बेसुमार वाढतात आणि हाड विरघळत जातं. त्याची अर्धी कॉलरबोन एक्स-रेमधून नाहीशी झाली होती आणि खांद्याच्या फऱ्याची कडही विरत चालली होती. कॅन्सर नाही, जंतुसंसर्ग नाही, असं एकेक बाद करत, बायोप्सी करून निदान झालं. त्यातच दीड वर्ष गेलं.

आमच्या डॉक्टरांनी काहीच लपवलं नाही. या रोगावर खात्रीचा इलाज नाही. या वाहिन्यांची वाढ दाबणाऱ्या सायरोलिमसच्या गोळ्या आणि हाडाची झीज रोखणारं झोलेड्रॉनिक ॲसिड देऊन बघू, रोग जागीच थांबला तरी ते यश समजायचं. गेलेलं हाड बहुधा परत येणार नाही, असं ते म्हणाले. तो ‘बहुधा’ मला काही केल्या पचेना.

स्टेम सेलवाले, म्हणजे मूळ पेशींची इंजेक्शनं देऊन हाड परत आणतो म्हणणारं क्लिनिक, रात्री मोबाइलवर मीच शोधून काढलं. त्यांची काउन्सेलर पहिल्याच फोनवर मला ‘ताई’ म्हणाली, अर्धा तास शांतपणे ऐकत राहिली. एवढा वेळ तोवर आम्हाला कुणीच दिला नव्हता. मग म्हणाली, “आमच्याकडे याचे शंभरच्या वर पेशंट बरे झालेत.” हा आकडा ऐकून मला धीर आला. खरं तर तिथेच फोन ठेवायला हवा होता. या आजाराची पहिली नोंद १८३८ची. १९५५ साली गॉरहॅम आणि स्टाउट यांनी लेख लिहिला, तेव्हा त्यांना २४ रुग्ण गोळा करता आले होते. आजही वैद्यकीय नियतकालिकांत जगभरातले मिळून काही शेच रुग्ण सापडतात. त्यातले शंभर एकाच क्लिनिकने बरे केले असते, तर ते साऱ्या हाडतज्ज्ञांना माहीत झालं असतं.

उपचार ‘ट्रायल’मध्ये आहे म्हणाले, नोंदणी क्रमांकही दिला. तरी पैसे आमच्याकडूनच, तेही आगाऊ. पावतीवर लिहिलं होतं ‘पुनर्वसन सेवा’. संमतीपत्राच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत ‘फायद्याची हमी नाही’ असं होतं. मी सही करताना ते पान उलटलं, वाचलं नाही. तो क्रमांक मी नंतर तपासला, तर निघाला गुडघ्याच्या संधिवातावरच्या अभ्यासाचा. शिवाय नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे, हेही तेव्हाच कळलं.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण खरा घात वेगळा झाला. “सायरोलिमस प्रतिकारशक्ती दाबतं, आमच्या पेशी रुजणार नाहीत,” असं सांगून त्यांनी गोळ्या बंद करायला लावल्या. आमच्या डॉक्टरांना विचारू का म्हटलं, तर “ते जुन्या विचारांचे आहेत” हे उत्तर. आम्ही विचारलं नाही. तीन इंजेक्शनं झाली. चौथ्याआधी भावाला जिना चढताना धाप लागायला लागली. क्लिनिकला फोन केला तर म्हणाले, पेशी काम करताहेत. दोन दिवसांनी त्याला आडवं झोपताही येईना. हॉस्पिटलमध्ये छातीत सुई घातली तेव्हा दुधासारखं पांढरं पाणी आलं. लसिकाद्रव छातीत साठणं हे या रोगाचं सर्वांत जीवघेणं वळण, आणि रोग खांदा-फासळ्यांजवळ असेल तर तो धोका जास्त. गोळ्या चालू असत्या तर हे टळलंच असतं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. मी मात्र ते पाणी काढायला छातीत घातलेल्या नळीकडे बघत रात्ररात्र बसले आहे.

त्याच दिवसांत मी क्लिनिकने दाखवलेले ‘आधी’ आणि ‘नंतर’चे एक्स-रे रेडिओलॉजिस्टना दाखवले. दोन्ही एकाच मुलाचे वाटत होते. त्यांनी दंडाच्या वरच्या टोकाशी बोट ठेवलं. ‘नंतर’च्या फोटोत वाढीची पट्टी, म्हणजे जिथून हाड लांब होतं तो कूर्चेचा थर, उघडी होती, ‘आधी’च्या फोटोत मिटलेली. वय वाढतं तशी ती पट्टी मिटते, मिटलेली पुन्हा उघडत नाही. म्हणजे हाड भरलेला फोटो पहिला आणि हाड गेलेला दुसरा. एका मुलाचं हाड विरघळत गेल्याचे फोटो त्यांनी उलट्या क्रमाने लावले होते. ते मूल कुणाचं असेल, हे मला अजून सुटत नाही.

हा आजार कधी कधी आपणहून थांबतो. अशा लोकांचं फावतं ते त्यामुळेच. थांबला तर श्रेय त्यांचं, वाढला तर ‘तुम्ही उशिरा आलात’.

भाऊ आता परत सायरोलिमसवर आहे. रक्तातली पातळी नेमाने तपासतात, झोलेड्रॉनिक ॲसिडआधी दातही दाखवून घेतले. गेल्या तीन एक्स-रेंत हाडाची कड सरकलेली नाही. हे कसं कोण जाणे, पण क्लिनिकला कळलं. त्याच काउन्सेलरचा फोन आला, “ताई, नवा एक्स-रे पाठवाल का? बाकीच्या पेशंटना उमेद मिळेल.” मी दिला नाही. पण त्याचे सुरुवातीचे सगळे एक्स-रे, कॉलरबोन जवळजवळ पूर्ण दिसते तोसुद्धा, अजून त्यांच्याकडेच आहेत.