महापे येथील दोन दिवसांची कार्यशाळा : नायटिनॉलच्या तारा घातलेल्या कॉम्पोझिटचे सुटसुटीत गणित

महापे एमआयडीसीतील एका खासगी प्रशिक्षण संस्थेने शनिवार-रविवारी घेतलेल्या या कार्यशाळेला मी ठाण्याहून गेलो होतो. ग्लास-इपॉक्सीच्या (काचतंतू आणि राळ यांच्या कॉम्पोझिटच्या) पट्टीत शेप मेमरी अलॉयच्या, म्हणजे तापवल्यावर मूळ आकारात परतू पाहणाऱ्या मिश्रधातूच्या, तारा बसवल्या, तर तापवल्यावर ती पट्टी किती वाकेल, हे आपल्या लॅपटॉपवर काढता यावे, एवढाच तिचा उद्देश होता. तो बहुतांशी साध्य झाला. जिथे झाला नाही, ती जागा महत्त्वाची असल्यामुळे सविस्तर लिहितो.

नायटिनॉल हा असाच एक, निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू. त्याची तार थंड असताना, मार्टेन्साइट नावाच्या स्फटिकरचनेच्या अवस्थेत, चार टक्के ताणली तरी तशीच राहते. तापली की ऑस्टेनाइट या दुसऱ्या अवस्थेत जाऊन मूळ लांबीवर येऊ पाहते आणि टोके धरून ठेवली असतील, तर त्या आधाराला जोराने ओढते. याचे संपूर्ण गणित करायचे, तर तनाका यांच्या १९८६ च्या किंवा ब्रिन्सन यांच्या १९९३ च्या मांडणीप्रमाणे मार्टेन्साइटचा अंश पायरीपायरीने, ताण आणि तापमान या दोहोंवरून काढत राहावे लागते. कार्यशाळेने निवडलेली वाट नासाच्या लँग्ली संशोधन केंद्रातील ट्रॅव्हिस टर्नर यांची आहे. तिच्यात अवस्थांतराला हात न लावता तारेला तापल्यावर आखडणारा, म्हणजे ऋण प्रसरणांकाचा पदार्थ मानतात. टोके पक्की धरलेली तार तापवून तिच्यातला ताण निरनिराळ्या तापमानांना मोजायचा आणि त्याला त्या त्या तापमानाच्या यंग गुणांकाने (ताठरपणाच्या मापाने) भागायचे, की तार किती आखडू पाहते ते कळते. मग तापमानानुसार बदलणारा प्रसरणांक स्वीकारणारे कोणतेही फायनाइट एलिमेंट (वस्तूचे लहान लहान तुकडे पाडून गणित करणारे) सॉफ्टवेअर चालते. इथे मोफत मिळणारे कॅल्क्युलिक्स वापरले.

शनिवारी दुपारी सरांनी टेबलावर एक पट्टी शिकंज्यात एका टोकाने धरली. तारा तिच्या वरच्या पृष्ठभागालगत होत्या. त्यांतून वीजप्रवाह सोडताच मोकळे टोक सावकाश वर उचलले गेले आणि तापमान आणखी चढत गेले तरी तिथेच टिकून राहिले. पट्टी भट्टीत पक्की होत असताना तारा आधीच आखडू नयेत, म्हणून त्यांची टोके चौकटीत कशी आवळून ठेवावी लागतात, हेही त्यांनी ती चौकट हातात देऊन समजावले. हा अर्धा तास मला सर्वांत मोलाचा वाटला.

रविवारी मात्र त्याच पट्टीच्या गणितात टोक वर गेले आणि तापमान वाढत जाताच पुन्हा खाली आले. वर्गातल्या बहुतेकांनी मेश, म्हणजे तुकड्यांची जाळी, बारीक करून पाहिली. काही फरक पडला नाही. चूक दिलेल्या फाइलमध्ये होती. कॅल्क्युलिक्सला प्रसरणांक संदर्भ तापमानापासूनचा सरासरी लागतो, तर तक्त्यात त्या त्या तापमानाचे तात्कालिक, म्हणजे फक्त त्या तापमानाला दर अंशामागे होणाऱ्या बदलाचे, आकडे भरले होते. अवस्थांतर संपल्यावर तात्कालिक आकडा जवळजवळ शून्यावर येतो, त्यामुळे तोवर साठलेले सगळे आखडणे गणितातून नाहीसे होते. घरी येऊन मी एकूण आखडणे तापमानातील फरकाने भागून तक्ता नव्याने भरला आणि टोक वर जाऊन तिथेच थांबले. संस्थेला हे कळवले आहे, पण फाइल अजून बदललेली नाही. शुल्क घेऊन दिलेला सराव आधी एकदा चालवून पाहिलेला असावा, ही अपेक्षा रास्त आहे.

या पद्धतीच्या मर्यादांवर आणखी वेळ द्यायला हवा होता. मोजलेला ताण टोके अजिबात न हलणाऱ्या तारेचा असतो, आणि पट्टी फार लवचीक असेल, तर तार प्रत्यक्षात आखडते व उत्तर दूर जाते. थंड होताना तार त्याच वाटेने परतत नाही, म्हणून उतरणीसाठी वेगळा तक्ता करावा लागतो. शिवाय पहिल्या काही आवर्तनांत ओढ कमी होत जाते. मोजणी तार स्थिरावल्यानंतरचीच घ्यावी. ही तिन्ही वाक्ये रविवारी संध्याकाळी, लोक बॅगा आवरत असताना सांगितली गेली.

ज्यांना पट्ट्या, पातळ पत्रे किंवा पंखांच्या कडा तापवून वाकवण्याचे प्राथमिक आराखडे करायचे आहेत, त्यांनी जरूर जावे. स्टेंटसारख्या, ताण देऊन सोडण्याच्या कामासाठी ही पद्धत नाही. कोपरखैरणे स्थानकाबाहेर रिक्षा मिळते. लॅपटॉपवर कॅल्क्युलिक्स आधीच बसवून न्यावे, कारण पहिल्या सकाळचा दीड तास त्यातच गेला.