आधी कोणते खाचर कापायचे? – एका सल्लासेवेचा हंगामभराचा अनुभव

ठाण्यात नोकरी करून मुरबाडची भातशेती सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला परतीच्या पावसाची बातमी वेळेवर मिळते. त्या बातमीचे करायचे काय, हे मात्र कोणी सांगत नाही. हवामान विभागाचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो आणि तो उपयोगीही असतो, परंतु सहा मजूर आणि भाड्याचे एक मळणीयंत्र हाताशी असताना कोणते खाचर आधी कापावे, हे त्यात कसे असणार? त्यासाठीच या खरिपात मी मोबाइलवरील एक सशुल्क सेवा घेतली.

ही सेवा स्वतः अंदाज वर्तवत नाही. उपलब्ध अंदाजावरून ती पावसाच्या अनेक शक्यता धरते आणि खाचराचे क्षेत्र, भात हळवे (लवकर पिकणारे) की गरवे (उशिरा पिकणारे), मजूर, ताडपत्र्या या मर्यादा सांभाळून सरासरीने नुकसान कमीत कमी होईल असा कापणीचा क्रम काढते. आज काय करायचे आणि पाऊस पडला किंवा न पडला तर उद्या काय करायचे, असे निर्णयाचे दोन टप्पे त्यात असतात. गणितातील ही मांडणी अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज डँटझिग यांनी १९५५ साली केलेली आहे. जेवढे त्याच दिवशी झाकता येईल तेवढेच कापा, हा सेवेचा सल्ला तर आमचे आजोबाही देत. पण ओढ्यालगतचे खाचर थोडे हिरवट असतानाच आधी कापायला तिने सांगितले, तेव्हा घरात वाद झाला. दोन दिवसांनी तिथे गुडघाभर पाणी साचले. ते भात उभे असते तर लोळून त्याला कोंब फुटले असते. उंचावरच्या खाचरांतले उभे भात मात्र पाण्याचा निचरा झाल्याने वाचले.

दोष मजुरांच्या आकड्यात आहे. एकदा भरलेली संख्या ही सेवा काळ्या दगडावरची रेघ मानते. दसऱ्याच्या सुमारास दोघे आलेच नाहीत आणि सुधारित क्रम दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे कापणी सुरू झाल्यावर हाती आला. तक्रार केली, तर मजूर वाढवून पाहा, असे उत्तर मिळाले! ओल्या वाटेने यंत्र खाचरापर्यंत पोहोचते की नाही, हे नोंदवायलाही जागा नाही.

तरीही पुढील हंगामाचे पैसे मी भरले आहेत. मजूर मात्र सहाऐवजी चारच लिहिणार आहे.