‘तीस सेंटिमीटर’च्या नावाखाली 40,484 रुपये गेले

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. नाहीतर मला फसवणारा तो माणूस उद्या दुसऱ्या कुणाला तरी हेच विकेल.

आम्ही पाच जण दोन वर्षांपासून एक्स-प्लेन या विमान उडवायच्या कॉम्प्युटर गेमसाठी इंदूरच्या विमानतळाची सीनरी, म्हणजे गेममधला देखावा, बनवतोय. टर्मिनल झालं, हँगर झाले, अडलं ते जमिनीच्या चित्रापाशी. सेंटिनेल-2 या उपग्रहाची फुकट चित्रं 10 मीटरची, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर 10 मीटरचा, त्यात टॅक्सीवेसुद्धा धड कळत नाही. म्हणून उपग्रहाचं 30 सेंटिमीटरचं चित्र विकत घ्यायचं ठरवलं. चौघांनी प्रत्येकी 5,000 दिले, बाकीचे माझे.

विकणारा मराठी निघाला. ‘काका, आम्ही मूळचे रामबागेतले, आता भोपाळला ऑफिस आहे,’ म्हणाला. पॅन-शार्पनिंग, ऑफ-नेडिर हे उपग्रह-चित्रांच्या धंद्यातले शब्द त्याच्या तोंडी सहज येत होते. मी अडाणी नाही, सतरा प्रश्न विचारले आणि प्रत्येकाचं उत्तर आलं. इंदुरात आपलं माणूस आपल्या भाषेत बोललं की विश्वास बसतोच. तुमचाही बसला असता.

64 चौरस किलोमीटर, दर 450, म्हणजे 28,800. त्यावर जीएसटी 5,184. एकूण 33,984 रुपये मी एका फटक्यात पाठवले. तीन दिवसांनी ‘विमानतळ आहे, परवानगीची फी लागेल’ म्हणून आणखी 6,500. फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांना नकाशांच्या पूर्वपरवानगीतून मोकळं केलं, हे मी स्वतः इतरांना सांगत आलोय. तरी दिले.

खरी चूक त्याआधीची, नमुन्याच्या रात्रीची. त्याने धावपट्टीच्या टोकाचा तुकडा पाठवला होता. धावपट्टीवर रंगवलेला 25 हा आकडा, पांढरे पट्टे, सगळं लख्ख. मी मोठं करून बघितलं तर गवतावर एक पुसट डाग, बोटाने रंग फासल्यासारखा. थोडं उजवीकडे तसाच डाग. खालीही तसाच, तेवढ्याच अंतरावर. विचारलं तर म्हणाला, ‘धुरकं असतं काका, पूर्ण डेटात काढून देतो.’ आणि मी मानलं! धुरकं दर सत्तर मीटरला एकाच आकाराचं पडतं का? ते नकाशाच्या एका साइटवरचे 256 पिक्सेलचे चौकोन होते, जोडलेले, आणि प्रत्येकावरचा वॉटरमार्क खोडलेला. वेबच्या नकाशाचे चौकोन मी रोज हाताळतो. तरी त्या रात्री, बारा वाजता, मला फक्त तो 25 दिसत होता.

पूर्ण फाइल आली तेव्हा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. चार बँड, म्हणजे रंगांचे थर, ठरले होते, आले तीन, तेही साध्या फोटोसारखे 8 बिटचे. इन्फ्रारेड नाहीच. बिजासन टेकडीच्या उतारावर एका घराची सावली पश्चिमेला, शेजारच्या घराची पूर्वेला. आणि म्हणे एकाच दिवशी घेतलेलं चित्र! सुपर कॉरिडॉरकडचा भाग तर नुसता ताणून मोठा केलेला. मेटाडेटा, म्हणजे चित्र कधी आणि कुठल्या उपग्रहाने घेतलं याची नोंद नाही, सीन आयडी, म्हणजे चित्राचा मूळ क्रमांक नाही, लायसन्सचा कागद नाही. हे तिन्ही हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. बिलावरचा जीएसटी नंबर मोजा, तो 15 अक्षरांचा असतो आणि मध्य प्रदेशचा असेल तर 23 ने सुरू होतो. माझ्या बिलावर 14 अक्षरं होती. मी मोजली पैसे गेल्यावर.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा पैसे पाठवून नऊ दिवस झाले होते. फोन ताबडतोब केला तरच पैसे अडकवता येतात, तेव्हा तुम्ही लाज बाजूला ठेवा. पोलीस ठाण्यात दोन तास बसवलं. मग साहेब म्हणाले, ‘गेम के लिए चालीस हज़ार?’ आणि पुढे, ‘एअरपोर्ट का फोटो क्यों चाहिए आपको?’ फसवलं मला, आणि ओळखपत्राची झेरॉक्स, लॅपटॉपची माहिती, ऑफिसचा पत्ता माझाच लिहून घेतला! त्याचा खाते क्रमांक मी छापून नेला होता. तो कागद टेबलावर तसाच राहिला. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली तर तिथून पुन्हा त्याच ठाण्यात. बँक म्हणते, व्यवहार तुम्ही स्वतः केलात, आमची जबाबदारी नाही. मी तीन वेळा गेलो, तीन वेगवेगळ्या खिडक्यांवर पाठवलं, आणि प्रत्येक खिडकीवर सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

आणखी एक. खरा डेटा घेतलात तरी लायसन्समध्ये सीनरी वाटायची मुभा लेखी आहे का ते वाचा. आम्ही ती फाइल वाटली असती तर चोरीचा माल आमच्या नावाने फिरला असता.

चौघांपैकी दोघांचे पाच-पाच हजार मी पगारातून परत केले. ते नको म्हणत होते. उरलेल्या दोघांचे पुढच्या महिन्यात देईन. पोर्टलवर माझ्या तक्रारीपुढे अजून ‘अंडर प्रोसेस’च दिसतंय.