चिपळूणमधील एका व्हॉलीबॉल मंडळाचे वर्ष: पालक आणि सभासद म्हणून केलेले परीक्षण

मुलांना क्रिकेटखेरीज एखाद्या मैदानी खेळाची गोडी लागावी, पण त्यासाठी घरखर्चावर मोठा भार पडू नये, असे ज्या पालकांना वाटते त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. चिपळूणमध्ये आमच्या भागात ना नफा तत्त्वावर चालणारे एक नोंदणीकृत व्हॉलीबॉल मंडळ आहे. माझी मुलगी गेल्या दसऱ्यापासून तेथे सरावाला जाते आणि महिलांच्या सकाळच्या तुकडीत मी स्वतःही खेळते, त्यामुळे मैदान उघडल्यापासून पुढच्या गणेशोत्सवापर्यंतचे मंडळाचे पूर्ण वर्ष मला आतून आणि बाहेरून असे दोन्हीकडून पाहता आले. माझे मत सुरुवातीलाच सांगते. कपाटातील करंडक मोजून हे मंडळ पारखू नये. कोणतीही स्पर्धा जवळ नसताना, आठवड्याच्या मधल्या वारी तेथे जो सराव चालतो, त्यावरून ते पारखावे. त्याचे मोठेपण त्या सरावात आहे, आणि त्याच्याविषयीची माझी मुख्य तक्रार तो सराव जेव्हा मोडला जातो तेव्हाची आहे.

वर्गणी मुलांना महिन्याला दीडशे रुपये आणि प्रौढांना तीनशे रुपये आहे. पावसाळ्याच्या महिन्यांत ती निम्मी होते. ज्या घरांना एवढीही रक्कम जड जाते त्यांच्याकडून ती घेतली जात नाही, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला मागितला जात नाही, ही गोष्ट मला विशेष वाटली. चेंडू, जाळी, फक्की, दिव्यांचे वीजबिल आणि प्रशिक्षकांचे मानधन हा सारा खर्च वर्गणी, मे महिन्याच्या स्पर्धेचे प्रवेशशुल्क आणि मुंबईत नोकरीला असलेल्या जुन्या खेळाडूंच्या देणग्या यांतून भागवला जातो. खेळाडूने स्वतःचे बूट आणि हवे असल्यास गुडघ्याचे पॅड आणायचे, एवढेच.

आता सरावाविषयी. गल्लीत किंवा वाडीत जो व्हॉलीबॉल खेळला जातो त्यात उंच मुलगा जाळीपाशी उभा राहतो आणि संध्याकाळ संपेपर्यंत तेथून हलत नाही. लहान किंवा नवखा मुलगा मागच्या कोपऱ्यात उभा राहून बाहेर गेलेले चेंडू आणून देतो. खेळाचा नियम याच्या नेमका उलट आहे. प्रतिपक्षाकडून सर्व्हिस जिंकली की सहाही खेळाडूंनी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक जागा पुढे सरकायचे असते, म्हणजे जाळीपासून मागच्या रेषेपर्यंत प्रत्येक जागी उभे राहण्याची पाळी प्रत्येकावर येते. या मंडळात पहिल्या दिवसापासून रोटेशन पाळले जाते आणि त्यात कोणालाही सवलत नाही. माझी मुलगी उंचीने लहान आहे. जाळीपाशी तिचा स्मॅश पलीकडे जात नसे, तरीही तिची पाळी कोणी ओलांडली नाही. पहिले काही आठवडे तिच्या गटाने त्यामुळे बरेच गुण गमावले आणि गटातील मोठ्या मुली उघडपणे वैतागल्याही, परंतु प्रशिक्षक सरांनी नियम बदलला नाही. त्याऐवजी तिला लिफ्टरचे, म्हणजे स्मॅश मारणाऱ्यासाठी चेंडू जाळीपाशी उंच सोडण्याचे काम शिकवायला घेतले. बोटांवर चेंडू झेलल्यासारखा न थांबवता वर कसा सोडायचा, पाय आधी चेंडूखाली कसे न्यायचे, कोणत्या बाजूचा स्मॅशर मोकळा आहे हे चेंडू हातात येण्यापूर्वीच कसे पाहून ठेवायचे, या गोष्टी तिच्याकडून इतक्या वेळा करून घेतल्या की आज तिच्या गटात लिफ्ट करायला आधी तिलाच पुढे केले जाते.

मुख्य प्रशिक्षक निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत आणि त्यांच्या हाताखाली महाविद्यालयात शिकणारे दोन खेळाडू आहेत. सरांचा भर अंडरहँड पासवर, म्हणजे दोन्ही हात जोडून चेंडू खालून उचलण्यावर आहे, आणि तो काही मुलांना कंटाळवाणा वाटतो हे मान्य केले पाहिजे. तासाचा पहिला निम्मा भाग जोड्यांमध्ये पास देण्यात जातो; त्यानंतर सर्व्हिस, आणि शेवटी सामना. पहिल्या दिवशी स्मॅश मारायला मिळेल या आशेने आलेली मुले दोन आठवड्यांत गळतात. परंतु सर्व्हिस नीट उचलता आली नाही तर लिफ्टरपर्यंत चेंडू पोहोचत नाही आणि लिफ्टरपर्यंत चेंडू पोहोचला नाही तर उत्तम स्मॅशरही नुसता उभा राहतो, हा सरांचा युक्तिवाद खोडून काढता येण्यासारखा नाही. जाळीची उंचीही तुकडीप्रमाणे बदलली जाते. पुरुषांसाठी 2.43 मीटर आणि महिलांसाठी 2.24 मीटर ही मापे ठरलेली आहेत. लहान मुलांसाठी जाळी त्याहून बरीच खाली बांधतात. खांबांना कप्पी आणि वेगवेगळ्या उंचीवर आकडे असल्याने हे काम दोन मिनिटांत होते. इतकी साधी सोय मी पाहिलेल्या काही शाळांच्या मैदानांवर नाही, आणि तेथे दहा वर्षांची मुले पुरुषांच्या उंचीच्या जाळीखाली माना वर करून खेळतात.

मैदान लाल मातीचे आहे. पावसाळ्यानंतर त्यावर गवत आणि शेवाळ माजलेले असते, म्हणून दसऱ्याला साहित्याची पूजा झाली की पुढचे काही रविवार श्रमदानाचे असतात: गवत उपटणे, खड्ड्यांत माती भरणे, पाणी मारून रोलर फिरवणे आणि शेवटी दोरी धरून फक्कीने रेषा आखणे. पालकांनीही यावे अशी अपेक्षा असते, सक्ती नसते. मैदानाची देखभाल चांगली आहे, जागा मात्र अपुरी आहे. व्हॉलीबॉलचे मैदान 18 मीटर लांब आणि 9 मीटर रुंद असते आणि त्याच्या चारही बाजूंना किमान 3 मीटर मोकळी जागा असावी लागते. येथे एका बाजूला जांभ्या दगडाचा गडगा रेषेपासून दोन पावलांवर आहे. बाहेर जाणारा चेंडू वाचवायला धावलेला खेळाडू त्यावर आदळू नये म्हणून पेंढा भरलेली पोती लावून ठेवली आहेत, पण ती पावसात कुजली आणि बदलायला डिसेंबर उजाडला. दिव्यांच्या चार खांबांपैकी एक मागच्या रेषेच्या सरळ पाठीमागे उभा आहे. सर्व्हिस उचलायला वर पाहिले की समोरून येणारा त्याचा उजेड डोळ्यांवर येतो आणि चेंडू क्षणभर दिसेनासा होतो. हा खांब बाजूला हलवण्याचा विषय वार्षिक सभेत दोनदा निघाला, असे जुने सभासद सांगतात. प्रथमोपचाराची पेटी आहे. बोटांना लावायची पट्टी त्यात असते, घोटा मुरगळल्यावर लागणारा बर्फ मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून आणावा लागतो. या खेळात घोटा आणि बोटे हीच सर्वांत जास्त दुखावतात, तेव्हा बर्फाची सोय मैदानावरच असायला हवी.

पावसाळा हा कोकणातल्या प्रत्येक मैदानी खेळापुढचा प्रश्न आहे. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि जूनपासून चार महिने मातीचे मैदान वापरता येत नाही. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीला आलेल्या महापुरात मंडळाचे जुने साहित्य वाहून गेले. तेव्हापासून मेअखेरीस जाळी, चेंडू आणि नोंदवह्या एका सभासदाच्या घराच्या माळ्यावर नेऊन ठेवतात. सराव जवळच्या एका शाळेच्या सभागृहात हलतो. व्हॉलीबॉलसाठी मैदानावर किमान 7 मीटर मोकळी उंची लागते आणि या सभागृहाचे छत त्याच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे तेथे लिफ्ट आणि स्मॅश बंद असतात. भिंतीवर पास देणे, पायांच्या हालचाली, उड्या आणि व्यायाम एवढेच करता येते. याच काळात मंडळाचा एक उपक्रम चालतो जो मला वर्षभरातील सर्वांत चांगला वाटला. चौदा वर्षांवरील मुलांना गुणपत्रक भरायला आणि रेषापंचाचे काम करायला शिकवतात. सर्व्हिसचा क्रम कसा नोंदवायचा, बदली खेळाडू कोणाच्या जागी परत येऊ शकतो, लिबेरोला, म्हणजे फक्त मागच्या फळीत खेळणाऱ्या बचावपटूला, जाळीपाशी काय करता येत नाही, जाळीच्या दोन्ही कडांना लावलेल्या आणि तिच्या वर 80 सेंटीमीटर उभ्या राहणाऱ्या अँटेना नावाच्या काठीला चेंडू लागला तर गुण कोणाचा, असे प्रश्न घेऊन मुले तासभर वाद घालतात. आमच्या घरी आता दूरदर्शन संचावर सामना लागला की पंचाने हात वर करण्याआधी निर्णय जाहीर होतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो.

एक अडचण यातूनही सुटत नाही. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत तालुक्यापासून सुरू होतात, तेथून जिल्हा आणि मग कोल्हापूर विभाग असा पुढचा टप्पा असतो, आणि त्यांचा आरंभ बहुधा पाऊस पुरता ओसरण्याआधीच होतो. नेमक्या त्या वेळी आमची मुले दोन-तीन महिने एकही स्मॅश न मारता स्पर्धेला उतरतात. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी वरच्या स्तरापर्यंत पोहोचावे लागते हे पाहता पालकांची याबाबतची अस्वस्थता समजण्यासारखी आहे. तालुक्यातच डेरवण येथे मोठे क्रीडा संकुल आहे. निदान स्पर्धेपूर्वीचे काही आठवडे तेथे किंवा अन्य बंदिस्त जागी मोठ्या मुलांच्या सरावाची व्यवस्था होईल का, याची चौकशी कार्यकारिणीने करावी. एसटीचे भाडे पालक आनंदाने देतील.

मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असतात आणि मंडळाची खुली स्पर्धा भरते. गर्दी, ध्वनिक्षेपक, दिव्यांच्या झोतातले सामने, रोख बक्षिसे असा सगळा थाट असतो, आणि खेळही पाहण्याजोगा असतो हे नाकारत नाही. परंतु या स्पर्धेच्या तयारीसाठी मुलांचा सराव एप्रिलच्या अखेरीपासूनच विस्कळीत होतो. मंडप, प्रेक्षकांसाठी बाके, प्रायोजकांचे फलक यांत कार्यकर्ते गुंततात, आणि शाळेला सुट्टी असल्याने मुलांना खेळायला सर्वाधिक वेळ असतो तेव्हाच मैदान त्यांना मिळत नाही. उन्हाळी शिबिर एप्रिलमध्ये दहा दिवसांत उरकले गेले. शिवाय बक्षिसाची रक्कम वाढत गेल्यापासून संघ बाहेरगावचे खेळाडू पैसे देऊन आणू लागले आहेत आणि मंडळाचे स्वतःचे तरुण खेळाडू आपल्याच मैदानावर राखीव म्हणून बसतात. स्पर्धेतून मिळणाऱ्या पैशावर वर्षभराचे दिवे जळतात, असे खजिनदारांचे म्हणणे आहे. ते हिशेबाने खरेही आहे. तरीही बक्षिसाची रक्कम कमी करून, संघात स्थानिक खेळाडूंची किमान संख्या ठरवून आणि मुलांच्या गटाचे सामने सकाळी त्याच मैदानावर घेऊन हा तोल सावरता येईल, असे मला वाटते.

मुलींच्या बाबतीत मंडळाची इच्छा चांगली आहे, व्यवस्था अपुरी. लहान गटात मुली मुलांच्या बरोबरीने असतात; नववीपासून त्या दिसेनाशा होतात. याचे कारण सगळेच अभ्यास सांगतात, पण आईबापांशी बोलले की दुसरी कारणे निघतात. मोठ्या मुलींची तुकडी दिवेलागणीनंतर सुटत असे, परतीच्या रस्त्यावर उजेड नाही, आणि शाळेचे स्वच्छतागृह संध्याकाळी कुलूपबंद असते. मंडळात एकही महिला प्रशिक्षक नाही. आम्ही सकाळच्या तुकडीतील काही जणींनी मोठ्या मुलींची वेळ बदलून मुलांच्या आधी घ्यावी आणि स्वच्छतागृहाची एक किल्ली मंडळाकडे असावी, असे लेखी कळवले. वेळ बदलली. किल्लीचे काम अजून शाळेच्या आणि मंडळाच्या पत्रव्यवहारात आहे. महिलांची सकाळची तुकडी मात्र उत्तम चालते; शिक्षिका, परिचारिका, गृहिणी अशा आम्ही सगळ्या खेळतो आणि तेथेही रोटेशनला सवलत नाही.

हिशेबाबाबत मंडळाला पूर्ण गुण द्यावे लागतील. 1860 चा संस्था नोंदणी अधिनियम आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम यांखाली नोंदलेल्या अनेक मंडळांचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात जमा होतात की नाही हे सभासदांना ठाऊकही नसते. येथे जमाखर्चाचे पत्रक वार्षिक सभेआधी फलकावर लागते, त्यात फक्कीच्या पोत्यांपासून वीजबिलापर्यंत सारे असते, आणि सभेत कोणीही प्रश्न विचारू शकतो. कार्यकारिणी बदलल्यावर बदल अर्ज वेळेत दाखल झाल्याचेही कार्यवाहांनी सभेत सांगितले. वर्गणीची पावती मागावी लागत नाही.

ज्यांच्या मुलांना राज्य संघाच्या निवडीपर्यंत जायचे आहे, त्यांना चौदाव्या-पंधराव्या वर्षानंतर हे मंडळ कमी पडेल. ब्लॉकिंग (जाळीपाशी उडी मारून स्मॅश अडवणे), उडी मारून सर्व्हिस आणि ताकदीचा व्यायाम यांसाठी लागणारा वेळ आणि माणसे त्यांच्याकडे नाहीत, आणि सर आजारी पडले तर मोठ्या गटाचा सराव त्या दिवशी नुसता सामना खेळून संपतो. दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आणि पुन्हा खेळू इच्छिणाऱ्या प्रौढांसाठी मात्र मी ते निःसंकोच सुचवेन. नवीन प्रवेश दसऱ्यानंतर पंधरा दिवस आणि पुन्हा जानेवारीत घेतात. नाव नोंदवण्यापूर्वी मुलाला आठवडाभर विनाशुल्क खेळू देतात, त्याचा लाभ घ्यावा, आणि पालकांनी त्यातील निदान एक दिवस गडग्याच्या बाजूला उभे राहून पूर्ण तास पाहावा.