मनाचं ऐकावं की हिशेबाचं?

सोबत काम करणाऱ्याने खोटी बिलं लावल्याचं तुमच्या लक्षात आलंय. सांगायचं की गप्प बसायचं? त्याच्या घरच्यांचे चेहरे आठवून पोटात कालवतं, डोकं म्हणतं चोरी ती चोरी.

हा तंटा जुना आहे. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७३९ मध्ये बुद्धीला भावनांची दासीच ठरवलं. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्ये उलट बाजू धरली: मन द्रवलं म्हणून केलेली मदत कौतुकाची खरी, पण नैतिक मोल कर्तव्य म्हणून केलेल्या कृतीलाच. दोघांपैकी एकाची निवड करायला बसलात तर आयुष्य जाईल. कोण कुठे चुकतो, ते पाहणं जास्त कामाचं.

मन मोजण्यात कच्चं आहे. २००७ च्या एका अभ्यासात लोकांनी उपासमारीच्या आकडेवारीपेक्षा एका मुलीचा फोटो पाहून जास्त पैसे दिले. फोटोला आकडेवारी जोडल्यावर देणगी वाढायची सोडून घटली!

पण नुसता हिशेबही भीतिदायक होऊ शकतो. भरधाव ट्रामखाली येऊ घातलेल्या पाच जणांना वाचवायला एकाला पुलावरून तिच्यासमोर ढकलाल का, या काल्पनिक प्रश्नाला बहुतेक जण नकार देतात. मेंदूच्या पुढच्या भागातली, भावनांशी जोडलेली जागा दुखावलेले रुग्ण मात्र अशा प्रश्नांना इतरांपेक्षा बरेच जास्त वेळा ‘हो’ म्हणाले (हाही अभ्यास २००७ चाच). त्यांची बेरीज बिनचूक आहे. तरी त्यांचंच बरोबर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिवाय डोकं वाटतं तितकं तटस्थ नसतं. जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये मांडलं, की निकाल बहुधा मन आधीच देतं, डोकं नंतर वकिली करतं. स्वतःच्या फायद्याचा निर्णय फारच तर्कशुद्ध वाटू लागला, की मी तरी सावध होतो.

म्हणून समोरच्या माणसाला आपल्या हाताने इजा करायची वेळ आली, तर मन कचरतं ते मोलाचं मानावं. नुकसान दूरच्या, न दिसणाऱ्या अनेकांचं असेल, तर हिशेब करावा. बिलांच्या बाबतीत दया ओळखीच्या एकावर येतेय, ज्यांचा पैसा गेला त्यांना चेहराच नाही. मी सांगेन. पण रागाच्या भरात नाही. एक रात्र जाऊ देऊन, आणि आधी त्यालाच, एकट्याला गाठून.