यूएसबीरीसेट: केबल न काढता अडकलेलं उपकरण सोडवणारी कमांड

आमच्या फोंडा तालुक्यातल्या गावी श्रावणात देवळात चोवीस तासांचं अखंड भजन असतं. त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे. मिक्सरची यूएसबी केबल शेजारच्या अग्रशाळेतल्या (देवळाच्या निवासातल्या) लॅपटॉपला जोडलेली, लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली, खोलीला कुलूप. मी देवळाच्या चौकात बसून मोबाईलवरून एसएसएचने, म्हणजे दुरून कमांड देण्याच्या सोयीने, लक्ष ठेवतो.

रात्री कधीतरी मिक्सरचं यूएसबी अडकतं. जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणाऱ्या एलएसयूएसबी (lsusb) कमांडच्या यादीत नाव दिसतं, पण फाईलमध्ये नुसती शांतता. मिक्सर बंद करून चालू केला तर सुटेल, पण मग स्पीकरही गप्प होणार. पखवाज रंगात आलेला असताना ते कोण खपवून घेईल?

यूएसबीरीसेट (usbreset) ही कमांड इथेच कामी येते. वेगळं काही उतरवावं लागत नाही, यूएसबीयूटिल्स (usbutils) या पॅकेजातच ते येतं. नुसतं नाव टाइप केलं की जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवतं. मग उत्पादक आणि उत्पादन यांच्या क्रमांकांची जोडी, मध्ये कोलन, अशी द्यायची, कमांडच्या आधी सुडो (sudo), म्हणजे प्रशासकाचा अधिकार. उपकरणाचं नाव दिलं तरी चालतं. क्षणभरात 'ओके' उमटतं. बस (उपकरण ज्या यूएसबी मार्गावर आहे तो) आणि डिव्हाइस क्रमांकही देता येतो, पण केबल काढून परत लावली की डिव्हाइस क्रमांक बदलतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये मी क्रमांकांची जोडीच लिहितो.

आत घडतं ते असं: कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, त्या पोर्टवर रीसेटचा इशारा देतो, उपकरणाची ओळख पुन्हा वाचतो आणि ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) नव्याने जोडतो. वीज तुटत नाही. माझ्या मिक्सरवर स्पीकरचा आवाज तसाच चालू राहिला, आणि माझ्यासाठी सगळं मोल त्यातच आहे. रेकॉर्डिंग मात्र तुटतंच, कारण साउंड कार्ड (लॅपटॉपच्या लेखी मिक्सर म्हणजे तेच) यादीतून जाऊन परत येतं. म्हणून माझी स्क्रिप्ट रीसेटनंतर थोडं थांबून नवी फाईल सुरू करते. कार्ड परत येताना त्याचा क्रमांक बदलू शकतो, तेव्हा तिथे कार्डचं नावच लिहा.

वीज न तुटणं हीच याची मर्यादाही आहे. उपकरणाचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) पार गोठलं असेल तर या रीसेटने ते जागं होईलच असं नाही. तेव्हा पोर्टची वीजच तोडावी लागते. त्यासाठी यूएचयूबीसीटीएल (uhubctl) ही कमांड आहे, पण तिला प्रत्येक पोर्टची वीज वेगळी तोडू शकणारा यूएसबी हब लागतो, आणि तसे हब मोजकेच.

माउंट केलेल्या (प्रणालीत वापरासाठी उघडलेल्या) पेन ड्राईव्हवर किंवा डिस्कवर, लिहिणं चालू असताना, यूएसबीरीसेट चालवू नका. आणि एकाच मॉडेलची दोन साउंड कार्डं जोडली असतील तर क्रमांकांची जोडी दोघांची सारखीच असते. तिथे मात्र बस आणि डिव्हाइस क्रमांकच द्या, तोही त्या वेळी यादी बघून.