सोलापुरात बनवून घेतलेली प्लांट प्रेस : एका पावसाळ्याच्या वापरानंतर

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि माझे बहुतेक काम टेबलाशी बसून होते. जिल्ह्यातील माळराने, ओढे आणि बांध तुडवून नमुने आणण्याचे काम माझे एक भटके स्नेही करतात. आमच्या या जोडकामासाठी बाळीवेस भागातील एका सुतारकाकांकडून अकराशे रुपयांत प्लांट प्रेस, म्हणजे झाडांचे नमुने दोन फळ्यांमध्ये दाबून वाळवण्याचे साधन, करून घेतली. रेखाचित्र पाहून त्यांनी प्रथम ‘पापड दाबायचे आहेत का?’ असे विचारले, परंतु माप मात्र अचूक धरले.

सागाच्या पट्ट्यांच्या दोन जाळीदार फळ्या, प्रत्येकी ४५ बाय ३० सेंटिमीटर, म्हणजे ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या हर्बेरियम शीटला (वाळलेला नमुना चिकटवून जपण्याच्या कागदाला) पुरून उरतील एवढ्या. पट्ट्यांच्या फटींतून हवा खेळते आणि मध्ये टिपकागदांबरोबर पन्हळी पुठ्ठे घातले की ओलावा लवकर निघून जातो. कुसळी आणि मारवेल ही गवते चार दिवसांत सुंदर वाळली. माकडशिंगीने मात्र छळले. तिचे मांसल खोड उभे चिरून, रोज कागद बदलूनही ते पुरते वाळायला तीन आठवडे लागले. हा दोष अर्थातच प्रेसचा नाही.

खरा दोष फळ्या आवळून धरणाऱ्या पट्ट्यांचा (बेल्टचा) आहे. झाडे वाळत जातात तसा गठ्ठा बसतो आणि पट्टे रोज आवळावे लागतात. सोबत मिळालेल्या प्लास्टिकच्या कड्या हे काम पेलत नाहीत. बार्शी रस्त्यावर एकदा दुचाकीच्या कॅरिअरवरच गठ्ठा सैल झाला आणि आठ नमुन्यांची पाने चुरगळली. मला त्या वेळी न्यूयॉर्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन टोरी आठवले. संशोधक जॉन फ्रेमाँट १८४३-४४ च्या मोहिमेत अमेरिकेच्या पश्चिम भागात झाडे गोळा करत होते आणि नावे देण्यासाठी ती टोरींकडे जाणार होती. परंतु वाटेतले फोर्ट हॉल हे ठाणे सोडल्यापासून सुमारे २,००० मैलांच्या वाटेवर जमवलेल्या वनस्पतींचे गठ्ठे वाहणारे खेचर सिएरा नेवाडाच्या डोंगरात कड्यावरून नदीत कोसळले, आणि उरलेल्या नमुन्यांपैकीही पुष्कळसे पुढे कॅन्सस नदीच्या पुरात भिजले. जे हाती आले त्यावरच टोरींना काम भागवावे लागले. कॅलिफोर्नियातील एका पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या वंशाला (जवळच्या जातींच्या गटाला) त्यांनी फ्रेमाँट यांचेच नाव दिले. आज तो वंश फ्रेमाँटोडेंड्रॉन म्हणून ओळखला जातो.

आमच्याकडे खेचर नसले तरी खड्डे भरपूर आहेत, म्हणून कड्या काढून टाकल्या आणि चादरींच्या या गावात सहज मिळणारी रुंद सुती निवार लोखंडी बकलांसह लावून घेतली. त्यानंतर गठ्ठा हलला नाही. फळ्यांचे वजन थोडे जास्त आहे, त्यामुळे स्नेही चालताना कुरकुरतात. पण त्यांनी टिपलेला फुलाचा ताजा रंग, जमिनीचा प्रकार आणि तारीख माझ्या हाती आल्यावाचून मी त्या वाळक्या काडीवरून फारसे काही ठरवू शकत नाही, हे त्यांना ठाऊक असल्यामुळे वही मात्र ते कधी विसरत नाहीत.

दुसरी प्रेस सांगितली आहे, या वेळी पहिल्यापासूनच निवारीची.